नोटीस कुठाय?

अहो वहिनी, ते पाणी नंतर घाला जास्वंदीला. आधी इकडे या, भिंतीजवळ. ऐकलंत का? नाही ना? मला वाटलंच. नेमक्या रविवारी तुम्ही चिंचवडला बहिणीकडे, आणि इकडे समोरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये… अहो, काय काय झालं म्हणून सांगू! साखरांब्याचा पाक गॅसवर ठेवून मी एका मिनिटासाठी म्हणून गॅलरीत आले. पाक करपला, पातेलं अजून घासतेय. पण गॅलरी सोडवेना हो.

समोरच्या दुसऱ्या मजल्याचं म्हणतेय मी. नाव नाही घेत, त्यांची कामवाली आपल्याकडेही येते. मालकीणबाई म्हणू आपण. तिसऱ्यावर त्या स्वतः, आणि खालचा वन बीएचके भाड्यानं. त्यात ते नागपूरचं जोडपं नव्हतं का? ती चुणचुणीत मुलगी, सकाळी साडेसातला कंपनीच्या बससाठी केस ओले ठेवून पळायची ती. आणि तो तिचा चष्मेवाला नवरा, गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसभर ‘ॲम आय ऑडिबल, ॲम आय ऑडिबल’ करायचा. आमचे हे त्याला ऑडिबलच म्हणायचे.

तर एकतीस तारीख, रविवार, सकाळचे नऊ. खाली छोटा हत्ती येऊन उभा. पाठोपाठ दोन हमाल. आणि वरून खोकी यायला लागली, पलंगाचे पाय सुटे करून दोरीनं बांधलेले, त्यांच्या कुंड्या, तो इवलासा देव्हारा मुलीनं स्वतः छातीशी धरून आणलेला. मालकीणबाई बाल्कनीत कुरडया उलटत होत्या. त्यांनी वाकून बघितलं. परत बघितलं. मग तिसऱ्या मजल्यावरूनच विचारलं, ‘काय गं, कुठं निघालात?’

मुलगी हसून म्हणते, ‘काकू, आज एकतीस ना. एग्रीमेंट संपलं. आम्ही तर आठ दिवसांपासून पॅकिंग करून राहिलोय.’

वहिनी, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता. हातातली कुरडई हातात. एकदम काही बोललंच नाही कोणी. मग वरून आवाज आला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, ‘नोटीस कुठाय? नोटीस?’

आणि पाच मिनिटांत त्या खाली. गाउनवर ओढणी, हातात कुरडयांचं पीठ. म्हणाल्या, ‘एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. लिहून दिलंयस तू करारात. न सांगता उठून जायचं म्हणजे काय? धर्मशाळा आहे का ही? साठ हजार डिपॉझिटातले वीस हजार मी कापणार.’ आता वीस हजार म्हणजे महिन्याचं भाडं. मुलीचा चेहरा पडला, ऑडिबलचा तर आवाजच गेला.

आता खरं कारण मी सांगते तुम्हाला, बाईंनी स्वतः माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं चैत्रातल्या हळदीकुंकवाला. त्यांनी मनात धरलेलं, की जूनला हे करार पुढे करणार, दहा टक्के वाढवू, बावीस हजार घेऊ. बावीस हजारांचा हिशेबही झालेला, सोफ्याच्या कव्हरांपर्यंत. आणि इकडे पोरं टेम्पो घेऊन उभी! शिवाय एरवी आठवण करून द्यायला तो एजंट असतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी दोन्हीकडे फोन करतो, कारण रिन्यूअलची ब्रोकरेज त्याला सुटत नाही. पण यंदा तो मे महिनाभर कोकणात, पुतणीच्या लग्नाला. मग कोण आठवण करणार?

तर काय सांगत होते… हां, नोटीस. तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं आणि नाना बाहेर आले. आले म्हणजे काय, ते दाराआड उभेच होते. उभी हयात दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेली त्यांची, दस्तांवर शिक्के मारण्यात. कागद म्हटला की नानांच्या नाकपुड्या फुलतात. म्हणाले, ‘भांडण नंतर. आधी दस्त आणा.’

मुलीनं सॅकमधून काढला हो लगेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता. पानापानावर त्या वेबकॅमवाल्या फोटोंमध्ये सगळ्यांचे चेहरे चोरासारखे, खाली अंगठे. नाना टेम्पोच्या फाळक्यावर कागद पसरून भिंग लावून बसले. हमाल पण खाली टेकले, त्यांना काय, तासाचे पैसे. नाना वाचायला लागले मोठ्यानं. नववी अट. ‘लॉक-इनचे सहा महिने झाल्यावर, मुदत संपण्यापूर्वी करार रद्द करावयाचा झाल्यास उभयतांनी एकमेकांस एक महिन्याची लेखी पूर्वसूचना द्यावी.’

आणि थांबले. चष्म्यावरून बाईंकडे बघून म्हणाले, ‘मुदत संपण्यापूर्वी. हे चार अक्षरांचं मुदत तुम्ही वाचलंत का?’

मुदत तीन अक्षरांचं आहे, पण नानांना कोण सांगणार!

बाई म्हणाल्या, ‘पण नोटीस ती नोटीस!’ नाना म्हणाले, ‘नाही. एक जुलैला करार सुरू झाला, एकतीस मेला संपतो, हे दोघांनी अंगठा लावून मान्य केलंय. अकरा महिने आधीच तुम्हाला तारीख कळवलेली आहे. मध्येच उठून जायचं असेल तर महिनाभर आधी लिहून द्यावं लागतं. मुदत भरली की कोणी कोणाला काही द्यायचं नाही. तारीख हीच नोटीस.’ आणि मग त्यांचं ते आवडतं वाक्य, की हे भाडेकरू नाहीत, हे परवानगीनं राहणारे. लिव्ह अँड लायसन्समधल्या लायसन्सचा अर्थ परवाना. परवान्याची तारीख संपली की परवाना संपला. साध्या महिन्यामहिन्याच्या भाडेकरूची गोष्ट वेगळी म्हणे, त्याच्यासाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १५ दिवसांची नोटीस सांगितलीय. पण त्याच कायद्यात ठरावीक मुदतीचा भाडेपट्टाही मुदत संपली की आपोआप संपतो.

बाईंचं तोंड एवढंसं झालं. मला जरा वाईट वाटलं बरं का, खोटं नाही बोलत. पण बघायची मजाही सुटेना.

आणि आता खरी गंमत! ती मुलगी, बिचारी, रडवेली होऊन म्हणते, ‘काकू, पण मी सांगितलं होतं. एप्रिलमध्येच. काकांना.’

सगळ्यांच्या माना वर. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत काका उभे. हातात चहाचा कप. बाई खालून म्हणाल्या, ‘अहो?’ नुसतं ‘अहो’ हं, बाकी काही नाही. काकांनी कप कठड्यावर ठेवला, परत उचलला, आणि म्हणाले, ‘जिन्यात भेटली होती. म्हणाली काहीतरी जूनला नवीन घर वगैरे. मला वाटलं, अभिनंदन करायचं. मी केलं.’

अहो, हमालसुद्धा हसले! आमचे हे आत पेपर वाचत होते, ते पेपर टाकून गॅलरीत आले. काकांनी दिवसभर परत तोंड दाखवलं नाही, संध्याकाळी फिरायलाही मागच्या गेटनं गेले म्हणे.

नानांनी मात्र तिथेही शिस्त सोडली नाही. मुलीला म्हणाले, ‘तुझं हे जिन्यातलं सांगणं नोटीस म्हणून चाललं नसतं हो. लेखी म्हटलंय. तू मार्चमध्ये सोडून चालली असतीस तर काकांचं अभिनंदन तुला महाग पडलं असतं. तुला गरजच नव्हती म्हणून सुटलीस.’ तिनं मान डोलावली. ऑडिबल मोबाइलवर अटीचा फोटो काढून घेत होता.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी एवढं अंगावर यायचं कारण काय. दोन हजारांच्या वाढीसाठी कोणी एवढं बोलतं? नाही वहिनी. त्यांच्या मनात वाडा आहे. त्यांच्या सासऱ्यांचा सदाशिव पेठेतला वाडा, ठाऊक आहे ना तुम्हाला? १९७१ साली सासऱ्यांनी मागच्या दोन खोल्या एका प्रोफेसरांना दिल्या, लायसन्सवर, सहा महिन्यांसाठी. ‘घर मिळालं की जातो.’ आणि मग भाड्याचा कायदा बदलला. १ फेब्रुवारी १९७३ ला जो जो लायसन्सवर जागेत होता, तो भाडेकरूच झाला, संरक्षणासकट. प्रोफेसर गेले ते थेट वैकुंठात, खोल्या त्यांच्या नातवंडांकडे. भाडं किती? विजेच्या बिलाहून कमी. वाडा पडला तेव्हा त्या बिऱ्हाडाला नवीन इमारतीत फ्लॅट मिळाला आणि बाईंच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, आपण आपल्याच घरात पाहुणे. हे ऐकत ऐकत बाई म्हाताऱ्या झाल्या. म्हणून त्यांना नोटीस लागते, कागद लागतो, अकराच महिने लागतात. भाडोत्री उठला नाही तर काय, ही भीती आयुष्यभर. आणि यंदा पहिल्यांदा भाडोत्री वेळेवर उठला, तर त्यांना ते ओळखूच आलं नाही!

ते अकरा महिन्यांचंही तसंच बघा. बाराव्या महिन्याला काय विष आहे? नाना म्हणाले, जुन्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागायचा, ती फी चुकवायला लोकांनी अकरा धरले. महाराष्ट्रात मात्र १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला, तेव्हापासून लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तरी सवय जात नाही. तीन-तीन वर्षांचे करार करतात की आता लोक. आपण अकराच्या पुढे मोजत नाही.

आणि नोंदवायला लागतं तरी किती? नानांनी फाळक्यावरच हिशेब मांडला. वीस हजारांचे अकरा महिने दोन लाख वीस हजार, साठ हजार अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज अकरा महिन्यांचं साडेपाच हजार, त्या सगळ्यावर शेकडा पाव रुपया मुद्रांक. झाले ५६४ रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी ते मागच्या गल्लीतले… कोण ते तुम्हाला कळलंच, बँकेतून निवृत्त झालेले, ज्यांचं मांजर आपल्याकडे येतं. त्यांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का घेतला आणि म्हणाले, झालं काम. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे हो! आता त्यांचा भाडेकरू सांगतो, भाडं पंधरा ठरलं होतं, हे सांगतात अठरा. आणि कायदा म्हणतो की नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, मालकानं खोटं ठरवेपर्यंत. वर नोंदणी करायची जबाबदारी मालकाचीच. न केली तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. बायको त्यांच्याशी आठ दिवस बोलत नव्हती म्हणतात. मांजरही तेव्हापासून आपल्याकडेच जेवतं.

कुठे होते मी? हां… टेम्पो. तर बाईंचा पारा उतरला. ‘बरं बाई, जा, सुखानं जा,’ इथपर्यंत आल्या. मुलीनं वाकून नमस्कार केला. मला वाटलं संपलं, गॅसकडे वळणार, तर कुठलं काय! ऑडिबल पुढे झाला आणि म्हणाला, ‘काकू, एक रिक्वेस्ट होती. नव्या फ्लॅटमध्ये एका खोलीचं पेंटिंग राहिलंय. तर कपाट आणि वॉशिंग मशीन दोन-तीन दिवस इथेच राहू दिलं तर… चावी आमच्याकडेच ठेवतो.’

आणि बाई, नुकत्याच मऊ झालेल्या, म्हणाल्या, ‘राहू दे की, त्यात काय.’

‘अजिबात नाही!’ नाना असे ओरडले की टेम्पोवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला. म्हणाले, ‘तुमची मुदत आज संपते. उद्या सकाळी तुमचं कपाट त्या खोलीत आणि चावी तुमच्या खिशात, म्हणजे ताबा तुमचाच. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ वाचा. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई.’

दुप्पट म्हटल्यावर आता बाईंचा चेहरा बघा! एकदम दिवाळी. फोनवर बोटं चालायला लागली. चाळीस हजार भागिले तीस. ‘दिवसाला तेराशे तेहतीस,’ त्या म्हणाल्या, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की ऑडिबल दोन पावलं मागे गेला. मुलीनं नवऱ्याकडे असं बघितलं, असं बघितलं… मी सांगते, त्या घरात कपाटाचा विषय पुन्हा कोणी काढणार नाही.

पण नाना बाईंनाही सोडेनात. म्हणाले, ‘तुम्हीही खूश होऊ नका. दुप्पट म्हणजे खात्यात आपोआप येऊन पडत नाही. उद्या हे गेले नाहीत तर तुम्हाला कुलूप बदलता येणार नाही, सामान जिन्यात काढता येणार नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तिथून समन्स निघणार, मग आदेश. त्यापेक्षा कपाट आज जाऊ दे.’ हां, एक मात्र नानांनी बाईंच्या बाजूचं सांगितलं, की नोंदवलेला करार हाताशी असला तर त्यात जे लिहिलंय त्याला दुसरा पुरावा लागत नाही, तोच निर्णायक. त्यावर बाई जरा ताठ झाल्या. नोंदणीचा आग्रह त्यांचाच होता ना.

मग काय, भर उन्हात छोट्या हत्तीच्या दोन खेपा. वॉशिंग मशीन नव्या घराच्या जिन्यात ठेवलंय म्हणे अजून.

माझ्या मनात तेव्हापासून आमच्या भाचीचंच घोळतंय हो, ठाण्याची. तिच्या करारात वेगळीच अट होती. मुदत संपल्यावर राहणार की जाणार, ते महिनाभर आधी लेखी कळवायचं. हिनं वाचलंच नाही, शेवटच्या दिवशी किल्ल्या घेऊन हजर. मालकानं पंधरा दिवसांचं भाडं मागितलं, शेवटी आठ दिवसांवर मिटलं. मी नानांना विचारलं गॅलरीतूनच. तर म्हणाले, ‘कायदा नोटीस मागत नाही, पण कागदात तुम्हीच कबूल केलं असेल तर मग कागद काय म्हणतो ते बघायचं.’ म्हणजे आपल्या समोरच्यांची नववी अट आणि ठाण्याची अट यांत एका ओळीचा फरक, आणि त्या एका ओळीचे पैसे गेले पोरीचे.

आणि दुसरी भाची, लंडनची, ती तर म्हणते तिकडे आणखीनच तऱ्हा. ती २०१९ ला गेली तेव्हा वर्षाचा करार असायचा. शेवटच्या दिवशी घर रिकामं करून चावी दिली की सुटलात, करारात वेगळं काही नसेल तर नोटीस नको. पण एक दिवस जरी जास्त राहिलात, की आपोआप महिन्यामहिन्याचे भाडोत्री, आणि मग निघायचं तर महिन्याची नोटीस. आपल्याकडे एक दिवस जास्त राहिलं तर दुप्पट, तिकडे एक दिवस जास्त राहिलं तर हक्काचे भाडोत्री! मी म्हटलं, प्रोफेसर तिकडेच जन्माला यायचे. आता तर तिकडे १ मे २०२६ पासून खासगी घरांचे मुदतीचे करारच बंद, भाडेकरूनं केव्हाही दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि निघायचं. हे मी बाईंना सांगितलेलं नाही. झोपायच्या नाहीत त्या.

तर डिपॉझिट. ते सांगायचं राहिलंच की! करारात लिहिलेलं, जागेचा ताबा आणि अनामत एकाच वेळी. इकडे किल्ल्या, तिकडे चेक. बाई म्हणाल्या, ‘आठवड्यानं देते, रंगाचं बघायचंय.’ मुलगीही आता शहाणी झालेली. तिनं किल्ल्यांचा जुडगा वर धरला, नुसता धरला, दिला नाही. नागपूरचं पाणी! बाई तिच्याकडे बघतायत, ती बाईंकडे. मग सगळी वरात वर गेली फ्लॅट बघायला. मी नाही गेले, पण कामवाली होती ना आत. ती सांगते, बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून बोट फिरवलं, खिडकीच्या काचेवरून फिरवलं, गिझर चालू करून बघितला. एका भिंतीला खिळ्यांची चार भोकं. त्यावरून पाऊण तास. मुलगी म्हणाली, ‘काकू, तीन आमच्या आधीची आहेत,’ आणि मोबाइलवर गेल्या जुलैचा फोटो दाखवला, राहायला आल्या दिवशी काढलेला! तीन भोकं. स्पष्ट.

एका भोकाचे काय घेणार? बाईंनाच हसू आलं. विजेचं शेवटचं बिल तेवढं धरलं, १,१४० रुपये, आणि बाकी ५८,८६० चा चेक तिथेच ओट्यावर लिहिला. किल्ल्या मिळाल्याची पावती नानांनी स्वतःच्या हस्ताक्षरात करून दोघींच्या सह्या घेतल्या, तारीख आणि वेळ घालून. दुपारचे पावणेदोन.

आणि मग, ऐका तर, बाईंनी पोरांना जेवायला बसवलं. आमरस-पुरी. काकांना वाढलं, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. निघताना मुलीच्या हातावर कुरडयांची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, ‘नवीन घर स्वतःचं ना? मग वरची खोली कधी भाड्यानं दिलीस तर मला विचार.’ मुलगी म्हणाली, ‘काकू, वन बीएचकेच आहे.’

थांबा, जाऊ नका, ही कढीपत्त्याची फांदी न्या. आणि जाता जाता समोरच्या गेटकडे बघा जरा. पाटी लागलीय कालच. ‘वन बीएचके भाड्याने देणे आहे. फॅमिली. अकरा महिने.’ खाली बाईंनी स्वतःच्या हातानं, निळ्या स्केचपेननं लिहिलंय, ‘राहणार की जाणार, ते एक महिना आधी लेखी कळवणे. जिन्यात सांगितलेले धरले जाणार नाही.’ भाडं बावीस हजार. तुमच्या दिरांच्या ऑफिसात कोणी जागा शोधत होतं ना?